लंडनची म्युझियम्स आणि पेन्शनचा हिशेब
(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला ‘माझा परदेशप्रवास’ असा विषय दिला होता. मी म्हटलं, टॉवर ब्रिजपुढे उभं राहून काढलेले फोटो तुम्ही ग्रुपवर पाहिलेत, त्यावर अंगठेही दाखवून झालेत. तेच पुन्हा तोंडी कशाला ऐकवू? त्यापेक्षा हिशेब सांगते. अडतीस वर्षं पोस्टाच्या काउंटरमागे बसलेल्या बाईला तेच बरं जमतं. तेव्हा आजचा विषय : लंडनची म्युझियम्स पेन्शनमध्ये कशी बसवायची. विमानाचं तिकीट आणि व्हिसा यात धरलेला नाही, तो खर्च मुलाचा. तिथं पोचल्यानंतरचं बोलते.

२०२३ च्या मे-जूनमध्ये आम्ही दोघं सात आठवडे वेम्ब्लीत मुलाकडे होतो. पहिले चार दिवस कौतुकात गेले. सोमवारी मुलगा-सून कामाला गेली आणि घरात राहिलो आम्ही दोघं आणि एक खिडकी. आपल्या विश्रामबागेत माणूस दुपारी नुसता फाटकाशी उभा राहिला तरी चार जण थांबून बोलतात. तिथं समोरच्या अख्ख्या रांगेतून दिवसभरात एक मांजर तेवढं बाहेर आलं. आमचे हे मोबाईलवर आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती ते बघत बसले. मे महिन्यात!

मुलांकडे जाऊन आलेले बरेच जण माना हलवताहेत, म्हणजे मला फार सांगायला नको. दिवसभर कोंडलेल्या माणसाला संध्याकाळी सुनेच्या डब्यांच्या मांडणीत खोट दिसायला लागते. आणि बाहेर पडायचं तर पैसे मागायचे कुणाकडे? ज्याला आपण सहलीला पाच रुपये मोजून दिले, त्याच्यापुढे हात पसरताना घसा कोरडा पडतो. तो "घे की गं आई" म्हणतो, तरीही पडतो. परदेशी गेलेल्या आईबापांचं खरं दुखणं हे आहे. थंडी आणि बेचव जेवण यांचं आपण उगीच बोलतो.

सुटका केली सुनेनं. ती म्हणाली, "आई, इथल्या मोठ्या म्युझियमना तिकीटच नसतं. बसचं कार्ड तेवढं घ्या."

आता हिशेब. लाल बसचं भाडं तेव्हा १.७५ पौंड होतं, अंतर कितीही असो. पौंड शंभरच्या थोडा वर होता, म्हणजे माणशी साधारण एकशे ऐंशी रुपये. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत आणि कंडक्टर नाही. चढताना यंत्रावर कार्ड टेकवायचं, आणि प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं. पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसऱ्या बसमध्ये चढलात तर तिचे पैसे कापत नाहीत. दिवसभर कितीही बस बदलल्या तरी तेव्हा ५.२५ पौंडांच्या वर जात नव्हतं. भुयारी रेल्वे जलद असते, पण तिला पैसे जास्त, आणि आम्हांला पोचायची घाई कुठं होती? वेम्ब्लीहून युस्टनपर्यंत १८ नंबरची दुमजली बस जाते. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली की अर्धं लंडन तिथंच बघून होतं. मुलानं दोन ऑयस्टर कार्डं आणून दिली, त्यात पैसे मात्र मी माझे भरले. त्या क्षणापासून माझी तब्येत सुधारली.

जेवण घरचं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि इथून नेलेलं भडंग. म्युझियममधला चहा तीन पौंडांच्या आसपास पडतो, तो दोघांत एक. नॅचरल हिस्टरी आणि सायन्स म्युझियममध्ये आपला डबा उघडायला जागा ठेवलेली आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या आतल्या मोठ्या चौकात उथळ पाण्याचा हौद आहे. ऊन असलं की लहान पोरं त्यात पाय बुडवून खेळतात आणि काठावर मोठी माणसं डबे उघडतात. आमच्या भडंगाचा लसणाचा वास तिथल्या दोन-तीन जणांपर्यंत पोचलेला मी पाहिला, पण तक्रार कुणी केली नाही.

काही गोष्टी पटापट सांगते. कायमचा संग्रह फुकट असतो, पण विशेष प्रदर्शनाला तिकीट असतं आणि ते चांगलंच असतं. ते सोडून द्या, आतलंच आयुष्यभर पुरेल. गर्दीच्या दिवसांत फुकटची वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवलेली बरी. दारात पिशव्या तपासतात, मोठी बॅग नेऊ नका. स्वयंसेवक ठरावीक वेळी दालनं फिरवून दाखवतात, त्याला पैसे नाहीत. इंग्रजी अर्धं कळलं तरी चालतं. गुडघे दुखत असतील तर घडीचं स्टूल मिळतं का ते विचारा. ह्यांनी स्टूल हाती आल्यावर जी म्युझियम्स पाहिली ती माझ्याहून जास्त. शुक्रवारी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट रात्री दहापर्यंत आणि नॅशनल गॅलरी नऊपर्यंत उघडी असते, त्यामुळे कामावरून सुटून मुलगा-सूनही यायची. घरी आम्ही चौघं इतकं बोललो नसू तितकं त्या शुक्रवारांत बोललो.

दारात दानपेटी असते. सक्ती कुणी करत नाही. शेवटच्या आठवड्यात आम्ही ज्या ज्या ठिकाणी रमलो तिथं पाच-पाच पौंड टाकून आलो. फुकट घेतलेलं पोस्टातल्या माणसाला पचत नाही.

हे फुकट का, असा प्रश्न मला पडला होता. ब्रिटिश म्युझियम १७५९ साली लोकांसाठी उघडलं तेव्हाही तिथं प्रवेशाला पैसे नव्हते, फक्त सुरुवातीला अर्ज करून परवानगी काढावी लागे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या मूळच्या म्युझियममध्ये १८५७ पासून गॅसचे दिवे होते, ते अशासाठी की दिवसभर राबणाऱ्या माणसाला संध्याकाळी येता यावं. मधल्या काळात काही म्युझियम्सनी तिकीट लावलं, ते सरकारी पैशातून २००१ च्या डिसेंबरात पुन्हा काढून टाकलं. परदेशी पाहुण्यांकडून पैसे घ्यावेत, अशी चर्चा तिथं अधूनमधून होते. तेव्हा ज्यांना जायचंय त्यांनी फार लांबवू नका!

तिकीट नसण्याचा खरा फायदा पैशाचा नाही, हे मला दुसऱ्या आठवड्यात समजलं. तिकीट काढलं की आपण ते वसूल करायला लागतो. पाय तुटेपर्यंत चालायचं, प्रत्येक कपाटापुढून जायचं, शेवटी ममी कुठं पाहिली आणि घोडा कुठं हेही आठवत नाही. फुकट असेल तर चाळीस मिनिटांत बाहेर पडता येतं आणि गुरुवारी परत येता येतं. आम्ही ठरवून टाकलं : एका फेरीत एक दालन. ब्रिटिश म्युझियमला सहा वेळा गेलो आणि तरी निम्म्याहून जास्त पाहिलं नाही. एक अख्खी सकाळ अमरावतीच्या स्तूपावरच्या संगमरवरासारख्या पांढऱ्या दगडांपुढे काढली. आंध्रातून गेलेले ते दगड काचेच्या खोलीत ठेवलेत.

यावरून एक गोष्ट सांगते, ती मला फार आवडली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीनं नॅशनल गॅलरीतली चित्रं वेल्समधल्या एका पाटीच्या दगडाच्या खाणीत नेऊन ठेवली. इमारत रिकामी. लोक म्हणाले, निदान एक तरी दाखवा. मग १९४२ पासून दर महिन्याला खाणीतून एकच चित्र आणून लावायला लागले, आणि त्या एका चित्रासाठी लोक येत राहिले. आज तिथं फुकटात दोन हजारांवर चित्रांचा संग्रह आहे आणि माणसं व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांकडे पाठ करून सेल्फी काढतात. असो.

ब्रिटिश म्युझियमच्या मधोमध मोठा काचेचं छप्पर असलेला चौक आहे, आणि चौकात एक गोल इमारत. ती जुनी वाचनाची खोली, १८५७ सालची. आम्ही गेलो तेव्हा ती बंद होती, नुसती भोवतीनं प्रदक्षिणा घालता येत होती. मी दोन घातल्या. कारण १९२० नंतरच्या वर्षांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत होते तेव्हा सकाळपासून बंद होईपर्यंत याच खोलीत बसत. पैसे मोजके. चरित्रकारांनी लिहून ठेवलंय की सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, दुपारच्या जेवणाला फाटा, आणि रात्री भूक लागली तर भाजलेले पापड. कमी पैशांत लंडनचं म्युझियम कसं वापरावं, हे कुणी शिकवलं असेल तर त्यांनी. आम्ही दोघं रुपया-पौंडाचा हिशेब बसभाड्यापुरता करत होतो. त्यांनी रुपयाच्याच प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि १९२३ साली त्याचं पुस्तक झालं. आणि हा माणूस १९०० साली आपल्या शेजारी साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेला.

ते १९२१-२२ मध्ये जिथं राहत ते घर किंग हेन्रीज रोडवर, दहा नंबरचं. महाराष्ट्र शासनानं ते २०१५ साली विकत घेतलं. तिथंही तिकीट नाही. लंडनच्या यादीत ते घर बहुतेक जण लिहीत नाहीत, तुम्ही लिहून ठेवा. साधी गल्ली आहे, घरं एकसारखी, दारावर निळी गोल पाटी. ह्यांनी दारातच चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

आता मला जिथं थांबायचंय तिथं येते. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये ‘टिपूचा वाघ’ आहे. लाकडी, रंगवलेला, जवळजवळ खऱ्या वाघाएवढा, खाली एक गोरा माणूस उताणा पडलाय आणि वाघानं त्याच्या गळ्यावर तोंड लावलंय. वाघाच्या पोटात बाजाची पेटी आहे. दांडा फिरवला की वाघ गुरगुरायचा, माणूस विव्हळायचा आणि त्याचा हात हलायचा. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, आणि इंग्रजांनी जे उचललं त्यात हा वाघ लंडनला आला. कंपनीच्या म्युझियममध्ये येणारे-जाणारे दांडा फिरवत बसायचे आणि शेजारी वाचत बसलेल्यांचं डोकं उठायचं.

काचेपुढे एक शाळेचा वर्ग बसला होता. शिक्षिका सांगत होती : टिपू, इंग्रज, लढाई, लूट. मुलं ऐकत होती. माझ्या मनात मात्र आपल्या इतिहासाच्या बाईंचा आवाज सुरू झाला. १७९० चा तह! पेशवे, निजाम आणि इंग्रज, तिघं टिपूविरुद्ध एक झाले. मराठ्यांची फौज घेऊन कोण गेलं? आपले तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन. धारवाडचा किल्ला त्यांनी कित्येक महिने वेढा घालून १७९१ मध्ये घेतला, बरोबर कॅप्टन लिटलची इंग्रजी पलटण होती. तासगावच्या गणपतीचं सात मजली गोपूर आपण रथोत्सवाला पाहतो ना, ते भाऊंच्या कर्नाटकातल्या स्वाऱ्यांची आठवण आहे. म्हणजे त्या वाघाच्या गोष्टीत आपला तालुका आहे, आणि पाटीवर त्याला जागा नाही.

हे मी ह्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. हे स्टुलावर बसून ऐकत होते. म्हणाले, "आणि शृंगेरी?"

खरं आहे. त्याच मोहिमेत १७९१ मध्ये मराठी फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला. शंकराचार्यांचा मठ! आणि मठाची घडी पुन्हा बसवायला पैसे आणि सामान पाठवलं ते टिपूनं. ती पत्रव्यवहाराची कागदपत्रं आहेत. टिपूनं दुसऱ्या ठिकाणी काय केलं तेही इतिहासात आहे, ते मी पुसत नाही. पण परक्या देशात काचेपुढे उभं राहून "आमचं चोरलं" म्हणताना माझ्या घशात शृंगेरी अडकली. राग गेला नाही. वाघ आपल्याकडे असायला हवा, असं मला आजही वाटतं. फक्त तो राग आता पूर्वीसारखा सोपा राहिला नाही. पुढच्या तीन फेऱ्यांत आम्ही त्याच दालनात गेलो आणि दर वेळी ह्याच विषयावर भांडलो. गेल्या वीस वर्षांत आम्ही दोघं दूधवाला आणि गॅस सोडून दुसऱ्या विषयावर इतकं भांडलो नव्हतो! आणि एक. भाऊ आणि टिपू एकाच वर्षी गेले, १७९९. भाऊ कोल्हापूरकरांशी लढताना पट्टणकुडीला पडले. टिपूला हरवून सात-आठ वर्षं झाली नाहीत तोवर शेजाऱ्याशी लढाई.

ज्या तहाचं मी म्हणाले, त्या तहाचा पुण्याचा दरबार थॉमस डॅनियल नावाच्या इंग्रज चित्रकारानं १८०५ साली मोठ्या चित्रात रंगवलाय. सवाई माधवराव, मॅलेट साहेब, मागे गणपती. चित्र लंडनच्या टेटच्या संग्रहात आहे. सगळी चित्रं सगळ्या वेळी भिंतीवर नसतात, पण टेटच्या संकेतस्थळावर ते पाहता येतं. त्यासाठी बसचंही भाडं लागत नाही, इथं विश्रामबागेत बसून पाहा.

परत आल्यावर २०२४ च्या जुलैत वाघनखं साताऱ्याला आली, तीही त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून, तीन वर्षांच्या बोलीवर. आम्ही पाहायला गेलो. पोलादाची चार नखं आणि बोटं घालायला दोन कड्या, तळहाताएवढी वस्तू. साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या ग्रँट डफकडून ती वंशजांमार्फत म्युझियमला गेली. शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच, असं पेटीवर लिहिलंय. म्युझियम स्वतः म्हणतं की ते सिद्ध करता येत नाही. रांगेत माझ्या पुढे कोरेगावकडच्या एक आजी होत्या. मी त्यांना हे सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "असंना का. महाराजांचं नाव तर खरं हाय." त्यांनी काचेला लांबून हात जोडले. मला पुढं बोलवेना. मुद्दा पुराव्याचा आहे हे मी अजूनही म्हणेन, पण त्या आजी मला लंडनच्या कुठल्याही दालनात भेटल्या नसत्या.

साताऱ्याहून येताना आम्ही सरळ महामार्गानं न येता रहिमतपूरवरून औंधला वळलो. त्यामागंही लंडनच होतं. टेट ब्रिटनमध्ये हेन्री मूर या शिल्पकाराच्या कामाची स्वतंत्र दालनं आहेत. दगडातली, ब्राँझची माणसं, काही आडवी पडलेली, काहींना मधोमध भोकं. हे म्हणाले, मला काही कळत नाही, पण हात लावावासा वाटतो. त्या दिवशी रात्री मुलानं मूरचं नाव शोधलं आणि ओरडला, "आई, याचं एक शिल्प औंधला आहे!" औंधला! आठवीत आपली सहल गेली होती, आठवतं? यमाईचा डोंगर चढलो, मध्येच उतारावर म्युझियम लागलं, आपण माकडांना शेंगा टाकण्यात दंग होतो आणि सर "आत चला, आत चला" म्हणून थकले.

भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलेलं ते भवानी म्युझियम. रविवर्म्याची चित्रं आहेत, पहाडी लघुचित्रं आहेत, युरोपातल्या गाजलेल्या चित्रांच्या नकला आहेत. आणि मूरचं दगडातलं ‘आई आणि मूल’. लंडनमध्ये मूरपुढे जागा मिळायला थांबावं लागलं होतं. औंधला त्या दुपारी आम्ही दोघं, ड्रायव्हर आणि पहारेकरी. कितीही वेळ उभं राहा. ड्रायव्हरनं भोवतीनं फिरून पाहिलं आणि विचारलं, "काकू, हे पुरं व्हायचं राहिलंय का?" मग आम्ही तिघांनी त्यावर अर्धा तास घालवला.

कोल्हापूरचंही सांगते आणि आवरतं घेते. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये पोसायडन या समुद्रदेवाची वीतभर ब्राँझची मूर्ती आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात पंचगंगेकाठी सापडली. रोमन साम्राज्यातून आलेली. ब्रिटिश म्युझियममध्ये तसल्या मूर्तींची कपाटंच्या कपाटं पाहून आल्यावर मी कोल्हापुरात ती पाहायला गेले, अंबाबाईच्या दर्शनाला वर्षातून चार वेळा जाते तरी आजवर गेले नव्हते. ही एक मूर्ती मात्र कुणी लुटून आणलेली दिसत नाही. व्यापारानं आली असावी, दोन हजार वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या भागात तेव्हाही युरोपचा माल पोचत होता.

तर मी समितीला एक सुचवलंय आणि अध्यक्षांनी मान हलवलीय, म्हणजे ठरलं असं धरते. जानेवारीत एका रविवारी औंध. शाळेच्या फाटकातून सकाळी साडेसातला गाडी, तासगावला गणपतीपुढे दहा मिनिटं थांबून गोपूर नीट वर मान करून पाहायचं, मग विट्यावरून पुढे. म्युझियमच्या वेळा आणि सुट्टीचा वार मी फोन करून पक्का करते. घडीची चार स्टुलं माझ्याकडे आहेत, ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी नावं द्या. गाडीचा खर्च माणशी भागून घेऊ, तिकिटं मी काढीन. दशम्या आणि चटणी ज्यानं त्यानं आपली आणायची. भडंग मी आणते. नावं आणि फोन नंबर चहाच्या टेबलाशी ठेवलेल्या वहीत लिहा, आणि अक्षर वाचता येईल असं लिहा, पत्ते वाचण्यात माझी नजर आधीच गेलीय.